आकडीवरची कोयती, पर्समधला चाकू

आपल्याकडे सर्वात जास्त लोकांच्या खिशात असणारा चाकू कुठला, असं कुणी विचारलं तर मी बेलाशक नेलकटरचं नाव घेईन. किल्ल्यांच्या जुडग्याला लटकणाऱ्या नेलकटरच्या पोटात एक इवलंसं पातं असतं. ते नखाने ओढून काढावं लागतं, काढताना नखच दुखावतं, आणि एवढं करून त्याने कुरिअरचं पाकीट कापलं जात नाही, कुरतडलं जातं. त्याचं भय कुणालाच नाही. पण मी एसटीत पर्समधून धड चाकू काढून पेरू चिरायला घेतला की शेजारच्या काकू जरा खिडकीकडे सरकतात. पेरूला तिखट-मीठ लागलं की परत जागेवर येतात, एक फोड घेतात आणि विचारतात, "नेहमी जवळ ठेवता वाटतं? बरं असतं हो, बाईमाणसाला."

काकूंच्या मनात काय आहे ते न सांगता कळतं. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या त्या घटनेनंतर, 2013 च्या जानेवारीत शिवसेनेने मुंबईत बायकांना छोटे चाकू वाटले होते. हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण चाकू हे बचावाचं साधन आहे हे मला कधीच पटलेलं नाही. चष्म्याचं घर, औषधांच्या पट्ट्या, सुट्टे पैसे यांच्याखाली पर्सच्या तळाशी दबलेली वस्तू ऐनवेळी हाताला लागत नाही. लागलीच तर ती समोरच्याच्या हातात जायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा मोठा आवाज आणि पळता येईल अशी चप्पल बरी. मी चाकू बाळगते तो पेरूसाठी, सुतळीसाठी, खोक्यावरच्या चिकटपट्टीसाठी, कुणाच्या अंगणातल्या जास्वंदीची काडी मागून घेण्यासाठी. हे एकदा नक्की झालं की अखंड पात्याचा चाकू घ्यावा की मिटता, या वादातली अर्धी हवा निघून जाते. हा वाद घालणारी बरीच मंडळी मनातल्या मनात कुणाशी तरी झुंजत असतात. पेरूशी झुंजावं लागत नाही.

उरलेली अर्धी हवा मात्र खरी आहे. ती मला कळली आजोळी, दापोलीजवळच्या गावात, मामाच्या मागे मागे हिंडताना. वाडीत जायचं तर मामा कमरेला आकडी बांधल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. आकडी म्हणजे कमरेच्या मागे दोरीने बांधायचा लाकडाचा तुकडा. त्यात कोयती अडकवायची. म्यान नाही, पट्टा नाही, बटण नाही. पातं मागे उघडंच लोंबत असतं आणि चालताना लाकडावर आपटून खट-खट वाजत राहतं. मामा वाडीच्या कुठल्या कोपऱ्यात आहे हे मामी त्या आवाजावरून सांगते.

कोयती लोहाराने ट्रकच्या कमानपट्ट्यातून घडवलेली. पोलाद तापवून ठोकायचं, आकार आला की पुन्हा तापवून पाणी द्यायचं. किती लाल असताना बुडवायचं हे लोहार डोळ्यांनी ठरवतो. पाणी जास्त चढलं तर करवंटीवर घाव बसताच धारेची कपची उडते, कमी पडलं तर धार वळते. वळलेली धार मामा पडवीतल्या दगडावर घासून सरळ करू शकतो, कपची उडाली तर लोहाराकडे जावं लागतं. म्हणून त्याला जरा मऊच कोयती आवडते. महागड्या चाकूंच्या जाहिरातीत पोलादाच्या कडकपणाचे आकडे वाचताना मला हे हटकून आठवतं. जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं, हे ज्याला रोज घाव घालायचा नाही त्याचं मत.

अखंड हत्याराचा मोठेपणा लोक ताकदीत मोजतात. ताकद आहेच. पातं आणि मुठीत गेलेलं त्याचं शेपूट हा लोखंडाचा एकच तुकडा असतो, मध्ये सांधा नाही, म्हणजे निखळायला काही नाही. पण माझ्या मते खरी गोष्ट दुसऱ्या हाताची आहे. मामा आंब्यावर चढतो तेव्हा त्याचा एक हात झाडाचा असतो. उरलेल्या हाताने मागे न बघता कोयती काढायची, बांडगूळ तोडायचं, न बघताच ती परत आकडीत अडकवायची. गोव्यातला रेंदेर माडीसाठी रोज माडावर चढतो आणि पोयीचं, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याचं, टोक थोडं थोडं तासतो. त्याचीही काती कमरेलाच, उघडी. तिथे नखाने पातं ओढत बसायला तिसरा हात लागेल. माझा मिटता चाकू पहिल्यांदा पाहिला तेव्हा मामा म्हणाला, "हा उघडेस्तवर फांदी म्हातारी होईल गो."

आणि तोच मामा पावसाळ्यात सदऱ्याच्या खिशात मिटता चाकू घेऊन ओटीवर बसतो. आंब्याची कोय कलमं बांधायची असतात. कोय रुजून आलेलं दहा-पंधरा दिवसांचं रोप, पानं अजून तांबूस. त्याचा शेंडा उडवायचा, बुंध्याला मधोमध खाली चीर द्यायची. हापूसची काडी दोन्ही अंगांनी तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. सांगायला एवढंच, पण सगळा जीव त्या तासण्यात आहे. पाचरेचा काप एका ओढीत, सपाट यावा लागतो. चाकू दोनदा फिरला तर मध्ये पायरी उरते, पायरीत फट राहते, आणि फट राहिली की साल सालीला धरत नाही. मामाचं मनगट तेव्हा हलत नाही, फक्त कोपर मागे जातं. खाली पडलेली चकती उचलून बघितली तर तिच्यावर पात्याची एकही रेघ दिसत नाही.

कलमाच्या चाकूचं पातं एकाच अंगाने तासलेलं असतं, दुसरं अंग अगदी सपाट, ते यासाठीच. असली धार आकडीवर उघडी लोंबली तर संध्याकाळपर्यंत मातीने जाईल. मिटली की ती मुठीच्या खाचेत जपली जाते. म्हणजे इथे मिटणं माणसाच्या सोयीसाठी नाहीच, धारेच्या सोयीसाठी आहे. शिवाय काम बसून करायचं, दोन्ही हात मोकळे, घाई नाही. कोय कलम कोकणात रुळवण्यात 1972 साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा मोठा वाटा. मामाही त्यांच्याच एका प्रशिक्षणात शिकला. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून त्याच विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात झालेल्या रत्ना आंब्याचं झाड त्याच्या विहिरीशेजारी आहे. हल्लीची पोरं दाढीच्या ब्लेडने कलमं बांधतात. धार जाते तेव्हा नवं काढतात, आणि त्यांचीही कलमं जगतात. मामाला ते पसंत नाही. ब्लेड पातळ असल्याने काडीवर वाकतं आणि काप मध्ये खोलगट येतो, असं त्याचं म्हणणं. दोन्हीकडची रोपं शेजारी शेजारी हिरवी झालेली मी पाहिली आहेत, त्यामुळे या भांडणात मी पडत नाही.

शहरात माझ्याजवळ असतो तो मिटताच. त्याचं यंत्र तसं साधं. पातं मुठीत एका खिळ्यावर फिरतं. ते उघडं राहावं आणि आपण होऊन मिटू नये म्हणून काय केलंय, यावरून चाकूची जात ठरते. जुनी युक्ती पाठीमागच्या स्प्रिंगची. पात्याच्या बुडाला कोपरे असतात, स्प्रिंग त्यांच्यावर दाबून बसते, आणि 'टक्' करून पातं जागेवर येतं. स्वित्झर्लंडमधल्या इबाखच्या कार्ल एल्सनरने 1897 साली अधिकाऱ्यांसाठीचा चाकू नोंदवला. त्यात त्याने एकाच स्प्रिंगला दोन्ही अंगांनी कामाला जुंपलं आणि दोन स्प्रिंगांवर सहा अवजारं बसवली. लाल मुठीचा तो व्हिक्टोरिनॉक्स आज कुणालाही ओळखू येतो. त्याच्या नेहमीच्या आकारातल्या पात्याला कुलूप नसतं. पात्याच्या पाठीवर जोर पडला की ते मिटणार, आणि मध्ये बोट असेल तर बोटावर.

कुलूपवाला माझ्याकडे आहे तो ओपिनेल. फ्रान्समधल्या सव्हॉयच्या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेलने 1890 च्या सुमारास हा बनवायला घेतला, शेतकऱ्यांसाठी. बीचच्या लाकडाची मूठ, पातळ पोलादी पातं, आणि 1955 पासून मानेशी फिरणारी एक कडी. कडी फिरवली की पातं अडकतं, बस्स. माझा आठ नंबरच्या आकाराचा, त्याचं पातं साडेआठ सेंटिमीटर, पेरूलाही पुरतं आणि कलिंगडालाही, जरा फिरवून घेतलं तर. इतकी कमी वस्तू वापरून केलेला इतका चांगला चाकू मी दुसरा पाहिलेला नाही. पण दापोलीला जुलैत पोहोचलात की त्याची मूठ पाणी पिऊन फुगते आणि पातं खाचेत रुतून बसतं. मग मुठीचं बूड दगडावर ठोकायचं, म्हणजे पात्याचं टोक वर येतं. खुद्द सव्हॉयकडचे लोकही असंच ठोकतात. मामाने हे पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "त्यांच्याकडे पाऊस नसतो काय?"

कुलपाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. नव्याने चाकू घेणारा सगळ्यात आधी कुलूप मागतो, आणि मला वाटतं तिथेच तो चुकीच्या वाटेला लागतो. पातं मिटतं ते भोसकताना, खुपसताना, पाठीवर ठोकताना. पात्याच्या धारेने कापलं तर जोर पातं उघडण्याच्याच दिशेला जातो, मिटायचा प्रश्न येत नाही. बिनकुलपाचा चाकू वापरणाऱ्याच्या हाताला नीट कापायची सवय लागते. कुलूपवाल्याच्या हाताला पत्र्याचे डबे उघडायची. ज्याला खुपसायचंच आहे त्याने सरळ अखंड पातं घ्यावं. खटक्याने उघडणाऱ्या रामपुरीविषयी तर बोलायलाच नको. कारागिरी म्हणून तो सुरेख असेल, पण हिंदी सिनेमाने त्याचं जे करून ठेवलंय त्यानंतर कांदा चिरायला तो कुणी काढू शकत नाही.

सफाईच्या बाबतीत मात्र मिटता चाकू सरळ हरतो. कैरीचा चीक, पेरूच्या बिया, नारळाचं पाणी, सगळं सांध्यात जाऊन बसतं. अखंड चाकू धुतला, पदराला पुसला, झालं. मिटत्याला कोमट साबणाच्या पाण्यात चार वेळा उघड-मिट करा, वाळवा, सांध्यात तेलाचा थेंब सोडा. तेल शिलाई मशीनचं. घरात हाताशी असलेलं खोबरेल घालू नका, थंडीत ते गोठतं आणि डिसेंबरात चाकू रुसून बसतो. शेंगदाण्याचं तर महिन्याभरात डिंक होतं. त्यातून पातं साध्या पोलादाचं असेल तर कैरी त्याला काळं करते आणि ते कैरीला. पहिल्या फोडीला चक्क लोखंडाची चव येते. ज्याच्या चाकूचं मुख्य गिऱ्हाईक फळं आहेत त्याने स्टेनलेस पातं घ्यावं. लाकूड तासणाऱ्याला साधं पोलाद परवडतं, त्याची धार दगडावर लवकर येते.

अखंड चाकू शहरात आणायचा तर म्यान आलं, आणि म्यान हीच निम्मी अडचण. चामड्याचं म्यान दिसायला देखणं, पण ज्या मुलखात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे त्याला बुरशी धरते आणि आतल्या आत पातं गंजतं. स्वीडनमधल्या मोरा या गावचे चाकू या बाबतीत शहाणे आहेत. प्लॅस्टिकचं म्यान, खाली पाणी जायला भोक, धुऊन उलटं टांगा. किंमत फारशी नाही, रूप तर त्याहून नाही. ट्रेकला सॅकमध्ये मी तोच टाकते. बांबू चिरायचा, काटक्या फोडायच्या, पिठलं ढवळायचं, आणि वर पायथ्याच्या गावात कुणाला हवा असेल तर देऊन यायचं, या सगळ्याला तो चालतो.

तरी रोजच्या पर्समध्ये तो मी ठेवत नाही, आणि याचं कारण यंत्रात नाही, माणसांत आहे. कायदा पाहिला तर शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, आणि घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे मामाची कोयती बिनघोर. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शहरोशहरी जमावबंदीचे आदेश निघत असतात, आणि त्यात लाठ्याकाठ्यांबरोबर चाकू-सुरेही बाळगायला मनाई असते. विमानात तर हातातल्या सामानात कुठलाच चाकू चालत नाही, तो चेक-इनच्या बॅगेत जातो. आणि कायद्याच्याही आधी नजर असते. पुण्यात गेली काही वर्षं 'कोयता' म्हटलं की पुढे 'गँग' आपोआप येतं. दापोलीत मामाच्या कमरेला जे दिसतं ते पाहून कुणी मान वर करत नाही. तेच स्वारगेटला दिसलं तर फलाट रिकामा होईल. हत्यार तेच आहे, धारही तीच, मधे फक्त घाट चढलेला.

म्हणून मला मिटता चाकू ही आधी लोकांसाठी केलेली सोय वाटते. ज्याच्या पात्याला मिटायला दोन हात लागतात आणि उघडायलाही दोन, तो चाकू बघणाऱ्याला विचार करायला वेळ देतो. आधी मूठ दिसते, मग पेरू दिसतो, मग पातं. शेजारच्या काकू खिडकीकडे सरकल्या तरी उठून जात नाहीत. एका हाताने फटकन उघडणारे चाकू मी याच कारणासाठी टाळते. त्यांनी जो अर्धा सेकंद वाचतो तो मला नको आहे. मॉलच्या दारात एकदा तपासणीच्या बाईंनी लाल मुठीचा चाकू हातात घेतला, त्यातली कात्री उघडून पाहिली, दात कोरायची काडी ओढून पाहिली आणि "आत काढू नका हं, मॅडम" म्हणून परत दिला. मोराच्या चाकूच्या बाबतीत हा संवाद कसा झाला असता याची कल्पना करवत नाही.

इंग्लंडच्या कायद्याने हीच गोष्ट अक्षरात लिहून ठेवली आहे, हे मला भाचीमुळे कळलं. ती लेस्टरला असते. बागकामाचं वेड तिलाही मामाकडूनच लागलेलं. तिकडे 1988 च्या कायद्यानुसार तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, मिटणारा चाकू विनाकारणही खिशात ठेवता येतो. त्याहून मोठा किंवा अखंड असेल तर सबळ कारण द्यावं लागतं. आणि तिथल्या न्यायालयाने ठरवलंय की कुलूप लागणारा चाकू हा मिटता धरायचाच नाही. म्हणजे माझा ओपिनेल दोन्ही कसोट्यांवर बाद. भाचीने फोनवर विचारलं, "मावशी, मग घेऊ काय?" मी म्हटलं, लाल मुठीचा घे, बिनकुलपाचा, मधल्या आकाराचा, पातं तीन इंचांच्या आत भरतं का तेवढं दुकानातच मोजून घे. कलमासाठी वेगळा चाकू बागेच्या खोलीत ठेव, रस्त्यावर नेऊ नको. तिने तसंच केलं. महिन्याभराने विचारलं तर म्हणाली, चाकूची धार अजून नवीकोरी आहे, कारण तो जावयांनीच ढापलाय, आणि त्यांना त्यातला बुचं उपसायचा स्क्रू सोडून कशाचंच कौतुक नाही.